ललिता पवार आणि चरित्रभूमिकेची कला

नाटकात काय किंवा चित्रपटात काय, नायक-नायिकांच्या भोवती जी माणसे वावरत असतात त्यांच्यावाचून कथेचे पाऊल पुढे पडत नाही. नायिकेचा बाप, घरमालकीण, कारकून, सावकार, सासू, जुना नोकर अशी ही मंडळी. प्रेक्षक नायकासाठी तिकीट काढतो. पण घरी परतताना पुष्कळदा त्याच्या मनात रेंगाळत असते ते ह्यांपैकीच एखादे माणूस. अशा भूमिकांना चित्रपटसृष्टीत 'चरित्रभूमिका' हे नाव रूढ झाले आहे. इंग्रजीतील 'कॅरेक्टर' ह्या शब्दाला प्रतिशब्द म्हणून ते हिंदीत घडले आणि तेथून मराठीत आले. मराठीत 'चरित्र' ह्या शब्दाचा मुख्य अर्थ जीवनकथा असा आहे, आणि योगायोगाने तो अर्थही येथे चपखल बसतो. नायकाचे आयुष्य उलगडून दाखविण्यासाठी दिग्दर्शकाजवळ अडीच-तीन तास असतात. चरित्रनटाला मात्र आपल्या पात्राची सारी हयात पाच-दहा मिनिटांत सूचित करावी लागते. हे माणूस पडद्यावर येण्यापूर्वी चाळीस-पन्नास वर्षे कोठेतरी जगत होते, असा विश्वास प्रेक्षकाला वाटला पाहिजे. तो वाटला की चरित्रभूमिका साधली म्हणावयाचे.

ह्या कलेचा विचार करताना आम्ही ललिता पवार ह्यांचे उदाहरण घेतले आहे, त्याला एक स्थानिक कारणही आहे. दौलतराव शिंदे ह्यांनी १८१० च्या सुमारास लष्कर वसविले तेव्हापासून येथे मराठी वस्ती आहे. ह्या वस्तीने घरात मराठी राखली. पण बाहेरची करमणूक मात्र बव्हंशी हिंदीतून घेतली. त्यामुळे मराठी नटांची ओळखही आम्हांस पुष्कळदा हिंदी पडद्यावरूनच झाली. पाटणकर बाजारातील मराठी कुटुंब आणि त्याचा हिंदी भाषक शेजारी ह्या दोघांना सारखेच ठाऊक असलेले एक मराठी नाव सांगावयाचे झाल्यास ते ललिता पवार हे होय. एखाद्या घरातील करड्या सासूविषयी बोलताना 'अगदी ललिता पवार आहे' असे दोन्ही भाषांत म्हटले जाते. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे वर्गात शिकविताना कुंभकर्ण आणि नारद ह्यांची उदाहरणे देण्याचा प्रघात आहे. त्या पंक्तीत जाऊन बसण्याचा मान आमच्या काळात ह्या एका नटीला मिळाला. मात्र जो मान मिळाला त्यात गौरव किती आणि अन्याय किती, ह्याचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही. तो मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

ललिताबाईंचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. पैठणीच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिक जिल्ह्यातील येवले ह्या गावी १८ एप्रिल १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रेशमी व सुती मालाचे व्यापारी होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस, मूकपटांच्या काळात, अजाण वयातच त्यांनी कॅमेऱ्यापुढे पाऊल टाकले. मूकपटात शब्द नसे. सारे काही डोळ्यांनी, भुवयांनी आणि हातवाऱ्यांनी सांगावे लागे. पुढे बोलपट आले तेव्हा आवाज, उच्चार आणि गाणे ही नवी परीक्षा उभी राहिली. मूकपटांतील कित्येक नटनटी तिच्यात मागे पडल्या, ललिताबाई टिकल्या. १९३० च्या दशकात त्या नायिकेच्या भूमिका करीत, गातही असत. 'दुनिया क्या है' हा १९३८ सालचा बोलपट तर त्यांनी स्वतः निर्माण केला होता. त्याची कथा टॉल्स्टॉयच्या 'रिसरेक्शन' ह्या कादंबरीवर आधारलेली होती. १९४१ साली मास्टर विनायकांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवरून 'अमृत' काढला, त्यातही त्या होत्या. ही माहिती येथे देण्याचे कारण असे की, पुढील अपघातामुळेच त्या अभिनेत्री झाल्या असा जो समज कळत नकळत पसरलेला आहे, तो निराधार ठरावा. अपघातापूर्वी त्यांच्यामागे दहा-पंधरा वर्षांची उमेदवारी होती, निर्मितीचा अनुभव होता, आणि चांगल्या कथेची पारखही होती.

तो अपघात १९४२ साली 'जंग-ए-आझादी' ह्या चित्रपटाच्या चित्रीकरणात घडला. प्रसंग थोबाडीत मारण्याचा होता. सहनट मास्टर भगवान ह्यांचा हात नकळत फार जोराने लागला. ललिताबाईंच्या चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला आणि डाव्या डोळ्याला इजा पोहोचली. दीर्घकाळ उपचार झाले. चेहरा पुष्कळसा सावरला. डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. नायिकेचा चेहरा निर्दोष असलाच पाहिजे हा चित्रपटव्यवसायाचा कठोर दंडक. तेव्हा त्या मार्गाला ह्या घटनेने कायमचा पूर्णविराम मिळाला.

रंगभूमीवर असे झाले असते तर कदाचित एवढा अनर्थ ओढवला नसता. नाटकगृहात मागील बाकावर बसलेल्या प्रेक्षकाला नटीच्या पापणीतले व्यंग दिसत नाही. पडद्यावर मात्र तोच डोळा गाडीच्या चाकाएवढा होऊन समोर येतो. जे झाकता येत नाही ते वापरावे लागते, आणि ललिताबाईंनी ते वापरले. ह्या संदर्भात भरतमुनींचे स्मरण होते. नाट्यशास्त्रात दृष्टींचे छत्तीस प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत 'कुंचिता' नावाची एक दृष्टी आहे. पापण्या आखडलेल्या, बुबुळ किंचित आत गेलेले असे तिचे रूप असून, असूया दाखविण्यासाठी तिचा विनियोग करावा असे सांगितले आहे. त्याच दृष्टीचा दुसरा विनियोग डोळ्यांतील वेदना दाखविण्यासाठी आहे. असूयेने पाहणारा आणि वेदनेने पाहणारा हे दोघे बाहेरून सारखेच दिसू शकतात, ही शास्त्रकाराची सूक्ष्म दृष्टी मननीय आहे. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याचे सारे इंगित ह्या एका निरीक्षणात सापडते. प्रेक्षकाने त्या डोळ्यात असूया पाहिली. तीत वेदनाही होती, हे ज्या ज्या भूमिकेत त्यांनी आम्हांस दाखविले ती भूमिका मोठी झाली.

ह्याचा पहिला पुरावा म्हणजे प्रभात कंपनीच्या १९४४ सालच्या 'रामशास्त्री' ह्या चित्रपटातील आनंदीबाई. गजानन जागीरदार ह्यांनी त्यात रामशास्त्र्यांची भूमिका केली होती, आणि चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला होता. कथेचा गाभा सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणरावांस 'धरावे' ह्या आज्ञेतील एक अक्षर बदलून आनंदीबाईने 'मारावे' असे केले, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या कसोटीला ती उतरलेली नाही; तरी लोकांच्या जिभेवर 'ध चा मा' कायमचा बसला. ग्वाल्हेरकरांना हे प्रकरण परके नाही. राघोबादादांच्या महत्त्वाकांक्षेवर अखेरचा पडदा पडला तो ग्वाल्हेरपासून फारशा दूर नसलेल्या सालबाई येथे. तेथे १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे ह्यांच्या मध्यस्थीने झालेल्या तहान्वये दादांना पेशवाईऐवजी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे लागले. जे राजकारण शनिवारवाड्यात रक्ताने सुरू झाले ते आमच्या परिसरात शाईने संपले.

अशा पात्राचे नाव उच्चारताच प्रेक्षक नाक मुरडणार, हे नटीला आधीच ठाऊक असते. आनंदीबाईची भूमिका करणाऱ्या नटीपुढे दोन वाटा असतात. रसिकांच्या तिरस्काराला खतपाणी घालून टाळ्या मिळविणे ही सोपी वाट. नवऱ्याच्या नाकर्तेपणामुळे स्वतःच्या हाती सूत्रे घेऊ पाहणारी, पदाच्या आशेने पोळलेली एक बुद्धिमान स्त्री उभी करणे ही दुसरी. ललिताबाईंच्या आनंदीबाईत दुष्टपणा आहेच. पण त्या दुष्टपणाला आकांक्षेचे अस्तर आहे. ती स्त्री वाईट का झाली हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उमटतो. चरित्रनटीने एवढे केले की आपले काम झाले असे समजावे. उत्तर देणे हे इतिहासकाराचे काम.

ह्यानंतर त्यांच्याकडे आया, आत्या, सासवा ह्यांच्या भूमिकांची रीघ लागली. येथे वयाचा हिशेब विचारात घेण्यासारखा आहे. १९५२ सालच्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमार ह्यांची आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर अवघे सहा वर्षांचे होते. त्या वेळी ललिताबाई छत्तीस वर्षांच्या होत्या. म्हातारपण हे केस पांढरे करून आणि कमरेत वाकून येत नाही. ते चालण्यात, बसताना घेतलेल्या आधारात, वाक्याच्या शेवटी तुटणाऱ्या श्वासात असते. ऐन तारुण्यात वार्धक्याचा असा अभ्यास करावा लागणे हा दैवाचा क्रूर विनोद खरा. ललिताबाईंनी मात्र तो अभ्यास इतका पक्का केला की, त्या कधी तरुण होत्या ह्यावर पुढील पिढ्यांचा विश्वासच बसेना.

१९५९ हे साल ह्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्या एकाच वर्षी त्यांचे दोन चित्रपट पडद्यावर आले. बिमल रॉय ह्यांच्या 'सुजाता'त त्यांनी जुन्या वळणाची, जातीची शिवाशिव कसोशीने पाळणारी वृद्धा रंगविली. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेली, पण चौधरी कुटुंबात वाढलेली सुजाता तिच्या डोळ्यांना खुपते. हृषिकेश मुखर्जी ह्यांच्या 'अनाडी'त मात्र त्याच ललिताबाई मिसेस डिसा झाल्या. मुंबईतील ही ख्रिस्ती घरमालकीण भाडेकरू राजवर सतत ओरडते, त्याच्या भोळेपणाला नावे ठेवते, आणि आतून त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करते. राज ज्या मालकाकडे नोकरी करतो त्याच्याच कारखान्यातील सदोष औषधाने तिचा अंत होतो, तेव्हा साऱ्या चित्रपटाचा आधार निखळल्यासारखा वाटतो. ह्या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला.

ह्या दोन चित्रपटांतील ललिताबाईंची तुलना वाचकांनी अवश्य करावी. चेहरा तोच, डावा डोळा तोच, वर्षही तेच. 'सुजाता'त तो डोळा आकसतो तेव्हा एक दार बंद झाल्यासारखे वाटते. 'अनाडी'त तो आकसतो तेव्हा येऊ पाहणारे पाणी अडविण्यासाठी तो मिटत आहे असे वाटते. जर सारी किमया त्या व्यंगाची असती तर हा भेद कोठून आला असता? व्यंगाला स्वतःचा अर्थ नसतो. अर्थ भूमिकेच्या आकलनातून येतो. 'ललिता पवारांना अपघाताने खलनायिका केले' हे विधान ऐकावयास चटकदार आहे. परंतु त्यात त्यांच्या बुद्धीचा आणि श्रमाचा अपमान आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अपघाताने त्यांच्यापासून एक मार्ग हिरावला. दुसरा मार्ग त्यांनी स्वतः बांधला.

ह्या संदर्भात 'श्री ४२०' (१९५५) मधील केळी विकणाऱ्या बाईचाही उल्लेख केला पाहिजे. भूमिका लहानशी आहे. पदपथावर टोपली घेऊन बसणारी, घासाघीस करणारी, आणि नवख्या पोराला मुंबईत माया लावणारी ही स्त्री पुढे त्याच पोराच्या लबाडीच्या धंद्याने फसविल्या जाणाऱ्या गरिबांची प्रतिनिधी ठरते. नायकाचे पाप किती मोठे आहे हे प्रेक्षकाला तिच्या चेहऱ्यावरून कळते. चरित्रभूमिकेचे प्रयोजन काय, ह्याचे इतके सुबोध उदाहरण क्वचितच आढळेल. नायकाच्या कृतीचे मोल ठरविणारा तराजू म्हणजे चरित्रपात्र होय.

आता अन्यायाच्या बाजूकडे वळले पाहिजे. व्ही. शांताराम ह्यांच्या 'दहेज' (१९५०) ह्या चित्रपटापासून खाष्ट सासू म्हटले की ललिता पवार, हे समीकरण घट्ट होत गेले. 'दहेज'चा विषय हुंड्याचा. हुंडाबंदीचा केंद्रीय कायदा होण्यास त्यानंतर अकरा वर्षे लागली; तो १९६१ साली झाला. हुंडा ही प्रथा मालमत्तेच्या, प्रतिष्ठेच्या आणि पुरुषसत्तेच्या गाठींनी बांधलेली आहे. घरातील पुरुष त्या व्यवहाराचे लाभार्थी असतात. परंतु चित्रपटाला दोष ठेवण्यासाठी एक चेहरा लागतो, आणि आमच्या चित्रपटांनी तो पुष्कळदा म्हाताऱ्या बाईचा निवडला. व्यवस्थेचे पाप एका सासूच्या पदरात बांधले की सासरा, नवरा आणि प्रेक्षक असे सारेच मोकळे होतात. गुरुदत्त ह्यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडते. हिंदू विवाह कायदा संमत झाला त्याच १९५५ सालच्या ह्या चित्रपटात स्त्रियांच्या घटस्फोटाच्या हक्कासाठी झगडणारी सीतादेवी ही पुरुषद्वेष्टी आत्या म्हणून रंगविली आहे. आज पाहताना तिचे म्हणणे पुष्कळसे रास्त वाटते, आणि चित्रपटाचा उपहासच शिळा वाटतो. तरीही सीतादेवी हास्यास्पद होत नाही, ह्याचे श्रेय ललिताबाईंचे. त्यांनी तिला ताठ मान आणि ठाम स्वर दिला. लेखकाने जिला पराभूत करावयाचे ठरविले होते तिची प्रतिष्ठा नटीने शाबूत ठेवली.

लेखकाची सहानुभूती नसलेल्या पात्रालाही माणूसपण देणे, हेच आमच्या मते चरित्रनटाचे मुख्य कर्तव्य होय. 'जंगली' (१९६१) मध्ये घरात हसण्यास बंदी घालणारी आई आणि 'प्रोफेसर' (१९६२) मधील कडक सीतादेवी ही ह्याची हलकीफुलकी उदाहरणे. 'प्रोफेसर'मध्ये ही पोक्त बाई पुतणी-पुतण्यांना शिकविण्यासाठी मुद्दाम वृद्ध शिक्षक नेमते. म्हाताऱ्याच्या वेषातील शम्मी कपूर ह्यांच्यावर तीच भाळते, आणि आरशापुढे उभी राहून नटू लागते. प्रेक्षक हसतो, पण हसता हसता क्षणभर थबकतो. जिला आपण केवळ शिस्तीचा दंडुका समजलो तिच्याही मनात एक कोपरा ओला होता, हे त्याच्या ध्यानी येते. वयस्क स्त्रीच्या एकाकीपणाचा विषय त्या काळच्या चित्रपटाने विनोदाच्या आडून का होईना मांडला, आणि तो उथळ होऊ दिला नाही तो ह्या नटीने.

ललिताबाईंची सर्वांत दूरवर पोहोचलेली भूमिका दूरदर्शनवरील 'रामायण' ह्या मालिकेतील मंथरेची. ही मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ ह्या काळात रविवारी सकाळी दाखविली गेली. त्या वेळी देशभर रस्ते ओस पडत, ही आठवण ज्यांच्या मनात आहे असे वाचक पुष्कळ असतील. ललिताबाई तेव्हा सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. मंथरा हे नाव कपटाचे प्रतीक होऊन बसले आहे. परंतु वाल्मीकींनी तिचा परिचय करून देताना ती कैकेयीच्या माहेरची दासी असल्याचे सांगितले आहे. म्हणजे परक्या राजवाड्यात तिचे आपले असे एकच माणूस आहे, ते कैकेयी. कौसल्येचा पुत्र गादीवर बसला की आपल्या कैकेयीचे काय होईल, ही तिची धास्ती चुकीची असेल, घातकी तर आहेच. पण ती निष्ठेतून उपजलेली आहे. ललिताबाईंची मंथरा कैकेयीच्या कानाशी लागते तेव्हा तिच्या स्वरात विषाबरोबर काळजीही आहे. विष पाजणाऱ्या हाताने कधीकाळी मुलीची वेणीफणी केली असेल, असे वाटावे इतकी ती जवळीक आहे. म्हणूनच कैकेयीचे मन फिरणे पटते. मंथरा केवळ राक्षसी दाखविली तर कैकेयी मूर्ख ठरते आणि कथेचा तोल जातो.

विद्यार्थ्यांना रामायण समजावून देताना मंथरेपाशी थांबावेच लागते, हा आमचा अनुभव आहे. 'ती वाईट होती' एवढ्यावर मुलांचे समाधान होत नाही; 'का?' हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्या प्रश्नाला पोथीतील उत्तराइतकेच ललिताबाईंच्या अभिनयातील उत्तरही उपयोगी पडते. माणसाच्या दुर्वर्तनामागील कारण जाणून घेणे म्हणजे त्या वर्तनाचे समर्थन करणे नव्हे, हा विवेक शिकविण्यासाठी ह्याहून चांगले साधन आमच्या पाहण्यात नाही.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुणे येथे ललिताबाईंचे निधन झाले. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत सुमारे सात दशके त्यांनी काम केले. त्यांच्या चित्रपटांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. इतक्या भूमिकांत साचेबंद सासवा पुष्कळ निघतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोटासाठी काम करणाऱ्या कलावंताला प्रत्येक वेळी आनंदीबाई किंवा मिसेस डिसा मिळत नसते. परंतु कलावंताची उंची त्याच्या सर्वोत्तम कृतींवरून मोजावी हा न्याय आपण कवींना लावतो, तोच नटांनाही लावला पाहिजे.

त्यांचे नाव भाषेत सामान्यनाम होऊन बसले आहे, आणि रूढ झालेला शब्द कोणाच्या सांगण्यावरून मागे घेतला जात नाही. आमची विनंती इतकीच की, ह्यापुढे कोणा करारी वृद्धेला उद्देशून हे नाव तोंडी आले तर 'सुजाता'तील आत्याबरोबर 'अनाडी'तील घरमालकीणही आठवावी. ज्या वृद्धेला आपण ते नाव देतो तिच्याही आकसलेल्या डोळ्यामागे असूया आहे की वेदना, हे ठरविण्यापूर्वी थोडा वेळ तिच्याजवळ बसावे.